अंगावरचं मोजत नाहीत

त्रेव्हीझो विमानतळ, गेट नऊ, पहाटेचे पावणेसहा.
माझं काम पिशव्या मोजायचं.
लोखंडी पिंजरा आहे एक, निळा रंग खरवडलेला.
त्यात पिशवी बसली तर बसली,
नाहीतर पन्नास युरो.
तिकीट एकोणीसचं.
चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला.
हसू नका, नियम मी केलेला नाही.
पन्नासातला दीड युरो मात्र माझा,
आणि महिनाअखेरीला मी तो मोजते.

याशला जाणारं विमान म्हणजे बायकांचं विमान.
इथल्या म्हाताऱ्यांना न्हाऊ घालणाऱ्या, भरवणाऱ्या,
रात्री दोनदा उठून त्यांची कूस बदलणाऱ्या बायका
चार दिवसांची सुट्टी मागून
आपल्या म्हाताऱ्यांकडे निघालेल्या.
जूनमध्येसुद्धा कोटावर कोट.
खिशांत चार्जर, मोजे, चीजचा तुकडा, नातवाचा बूट
(दुसरा बूट दुसऱ्या खिशात).
एकीने अस्तरात इस्त्री शिवून आणली होती.
अंगावरचं मोजत नाहीत.
हाही नियम मी केलेला नाही,
पण हा मला आवडतो.

विओरिका दर सहा आठवड्यांनी येते.
पूर्वी बस होती, म्हणाली होती एकदा
विमानाला उशीर झाला तेव्हा.
दीड दिवस. हंगेरी येईपर्यंत पाय सुजून बुटात मावेनात.
बाप गेला त्या रात्री ती बसमध्येच होती,
पोचली तोवर कबरीवरची माती
फावड्याने थापूनसुद्धा झाली होती.
म्हणून स्वस्ताला नावं ठेवू नकोस माझ्यासमोर,
म्हणाली, आणि गुडघे चोळत बसली.

त्या पहाटे तिच्या पिशवीतून खोकं डोकावत होतं.
रक्तदाब मोजायचं यंत्र,
सुपरमार्केटच्या ऑफरमधलं, आईसाठी.
पिंजऱ्यात अडलं. दोन बोटं, फार नाही.
मी म्हटलं, पन्नास.
ती म्हणाली, यंत्र बावीस नव्व्याण्णवचं,
मी एकोणीसची.
दोघी मिळून बेचाळीसला एक सेंट कमी.
आम्ही पन्नासला कुठून पुरणार?

मागे रांग. माझ्यामागे सुपरवायझर.

तिने खोकं फाडलं.
थर्माकोल माझ्या काउंटरवर ठेवला,
अठरा भाषांतलं माहितीपुस्तक कोटाच्या आत सरकवलं,
एक कोट उतरवला, बाही वर केली,
पट्टा दंडाला गुंडाळला, यंत्र तळहातावर घेतलं,
आणि म्हणाली, आता मोज.

बॅटरी आतच होती, दुकानवाल्याने तपासून दिलेली.
तिचा अंगठा लागला असेल, किंवा लावला असेल.
पट्टा घरघरत फुगू लागला.
रांगेतली कुजबुज थांबली. एक लहान मूलसुद्धा थांबलं.
मग हवा सुटत गेली, टिक्, टिक्,
आणि आकडा आला.
एकशे अडुसष्ट. खाली एकशे चार.

मी वाचला. तिने वाचला.
बाही खाली ओढत ती म्हणाली,
बिघडलेलं असेल. स्वस्तातलं आहे ना.

मी तिकीट स्कॅन केलं. हिरवा दिवा लागला.
सीट अठ्ठावीस-ई, मधली.
सीट निवडायचे आठ युरो ती कधीच देत नाही.

थर्माकोल दिवसभर काउंटरखाली होता.
टाकायचा राहिला.

सहा आठवड्यांनी पुन्हा पावणेसहा.
एकच कोट, पिशवी सैल.
आईचं किती निघालं? मी विचारलं.
एकशे वीस, ऐंशी.
शेजारणीचंही नीट निघालं. पाद्र्याचंही.
सगळं गाव येऊन मोजून गेलं.

म्हणजे यंत्र...

हो, ती म्हणाली. यंत्र चांगलं आहे.

आणि पिशवी पिंजऱ्यात ठेवली.
बसली.